पुलाच्या अलीकडे परवाना, पलीकडे गुन्हा

2013 च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. फिलाडेल्फियात राहणारी, दोन मुलांना एकटीने वाढवणारी एक तरुण बाई गाडी घेऊन न्यू जर्सीत गेली होती. दोनदा लुटली गेल्यावर तिने पिस्तूल विकत घेतलं होतं आणि पेनसिल्व्हेनिया राज्याचा रीतसर परवानाही काढला होता. फिलाडेल्फियातून डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की न्यू जर्सी राज्य सुरू होतं. तिथे लेन बदलताना काही चुकलं म्हणून पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली. तिने आपणहून सांगितलं, जवळ पिस्तूल आहे आणि हा त्याचा परवाना. त्यावर तिला अटक झाली. न्यू जर्सी पेनसिल्व्हेनियाचा परवाना मानतच नाही, आणि विनापरवाना पिस्तूल जवळ बाळगल्याबद्दल किमान साडेतीन वर्षांच्या कैदेची टांगती तलवार डोक्यावर आली. महिन्याहून जास्त काळ ती कोठडीत होती. बरीच ओरड झाल्यावर 2015 मध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली.

पाच-दहा मिनिटांच्या पुलाने एका सरळमार्गी बाईची गुन्हेगार केली, हे आपल्याला चमत्कारिक वाटतं. त्याचं कारण आपली राज्यघटना. भारतात शस्त्रास्त्रं हा विषय केंद्रीय सूचीत आहे. 1959 चा शस्त्र कायदा कोल्हापुरात तोच आणि बेळगावात तोच. शिवाय आपल्याकडे बंदूक ही सरकारने कृपा केली तर मिळणारी वस्तू आहे. निवडणूक लागली की परवान्याची पिस्तुलं पोलीस ठाण्यात जमा होऊ लागतात. असा हुकूम टेक्सासात काढून बघावा!

अमेरिकेत दोन गोष्टी उलट्या आहेत. एक, शस्त्र बाळगणं हा घटनेत लिहिलेला हक्क आहे. दोन, लोकांची सुरक्षितता, गुन्हे, पोलीस हे मुळात राज्यांचं काम आहे. हक्क सगळ्या देशाचा आणि कायदे पन्नास राज्यांचे पन्नास. तिथल्या बंदुकीच्या भांडणातला निम्मा गुंता या जोडीतून येतो. 'बंदूक हवी की नको' असा प्रश्न अमेरिकेत फारसा कोणी विचारत नाही. खरं भांडण 'कोणाला, कुठे, आणि हे ठरवणार कोण' याचं आहे.

जोतं केंद्राचं, घर राज्याचं

अमेरिकेतला बंदूक कायदा घरासारखा समजून घ्यावा. जोतं केंद्र सरकारने घातलंय. त्यावर प्रत्येक राज्याने आपल्या मर्जीने घर बांधलंय. कोणाचा वाडा आहे, कोणी नुसतं छप्पर टाकलंय.

जोतं एकदम घातलं गेलं नाही. प्रत्येक थरामागे काहीतरी रक्तरंजित घडलेलं आहे. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनंतर 1934 मध्ये मशीनगन आणि आखूड नळीच्या बंदुकांवर 200 डॉलरचा कर आणि नोंदणी आली. 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या, आणि त्याच वर्षी दुकानदारांना परवाना, गुन्हेगारांना विक्रीबंदी असा कायदा झाला. 1986 मध्ये नव्या मशीनगन सामान्य नागरिकांना मिळणं बंद झालं. 1981 मध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावरच्या हल्ल्यात त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी डोक्याला गोळी लागून कायमचे अपंग झाले. त्यांच्या नावाचा कायदा यायला 1993 उजाडलं. त्याने दुकानातून बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणं बंधनकारक केलं.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते पाहण्यासारखं आहे. दुकानदार गिऱ्हाइकापुढे 4473 नंबरचा फॉर्म ठेवतो. नाव, पत्ता, जन्मस्थान, आणि मग हो-नाहीचे प्रश्न. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? घरच्या माणसाला त्रास देऊ नये असा कोर्टाचा मनाई हुकूम तुमच्यावर आहे का? अंमली पदार्थ घेता का? ही बंदूक खरोखर तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना? फॉर्म भरून झाला की दुकानदार फोनवरून किंवा संगणकावरून एफबीआयच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या केंद्राला विचारतो. बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येतं. द्या, देऊ नका, किंवा थांबा. 'थांबा' आलं आणि कामकाजाच्या तीन दिवसांत पुढचा निरोप आला नाही, तर केंद्राचा कायदा दुकानदाराला बंदूक देण्याची मुभा देतो. 2015 मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय भाविकांना मारणाऱ्याला पिस्तूल याच फटीतून मिळालं होतं.

दुसरी फट त्याहून मोठी आहे. हे सगळं परवानाधारक दुकानदारालाच लागू होतं. शेजाऱ्याने शेजाऱ्याला बंदूक विकली तर केंद्राचा कायदा तपासणी मागत नाही. वीसेक राज्यांनी आपल्यापुरती ही फट बुजवली आहे, बाकीच्यांनी उघडी ठेवली आहे.

आता अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या कामाची एक गोष्ट. एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्राच्या कायद्याने बंदूक जवळ बाळगायलाच मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे काही अपवाद आहेत, पण मूळ नियम मनाईचा. 'विकत कुठे घेतोय, मित्राबरोबर रेंजवर गंमत म्हणून चार गोळ्या झाडल्या' हेही त्यात सापडू शकतं. ग्रीन कार्ड असलेल्याला ही मनाई नाही. दुसरा सापळा गांजाचा. कित्येक राज्यांत गांजा कायदेशीर दुकानात मिळतो, पण केंद्राच्या लेखी तो अजून बेकायदा आहे, म्हणून गांजा ओढणाऱ्याने बंदूक बाळगणं हा केंद्रीय गुन्हा. फॉर्मवर तशी स्पष्ट सूचना छापलेली असते. फॉर्मवरच्या अंमली पदार्थांच्या प्रश्नाला खोटं उत्तर दिल्याबद्दल अध्यक्ष बायडन यांचा मुलगा हंटर 2024 मध्ये दोषी ठरला, पुढे वडिलांनीच त्याला माफी दिली. त्यातली गंमत अशी की नशा करणाऱ्याला बंदूक नाकारणारं हे कलमच घटनाबाह्य आहे, असं बंदूक हक्कवाल्यांचं म्हणणं आहे आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आहे. आपला विरोधक अडकला म्हणून टाळ्या वाजवायच्या, की कलम चुकीचं आहे म्हणून त्याची बाजू घ्यायची, असा पेच दोन्हीकडे होता.

सत्तावीस शब्द

ज्या हक्कासाठी एवढं चाललंय तो 1791 च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत आहे. मूळ इंग्रजीत सगळे मिळून 27 शब्द. मराठीत साधारण असं म्हणता येईल: स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुसज्ज लोकसेना आवश्यक असल्यामुळे, शस्त्रं बाळगण्याच्या आणि वागवण्याच्या जनतेच्या हक्काला बाधा आणू नये.

वाक्याचा पूर्वार्ध लोकसेनेबद्दल बोलतो, उत्तरार्ध जनतेच्या हक्काबद्दल. एक पक्ष म्हणतो, हक्क लोकसेनेपुरता होता. गावोगावचे शेतकरी घरची बंदूक घेऊन कवायतीला जायचे, ती व्यवस्था संपली, विषय संपला. दुसरा म्हणतो, लोकसेना हे फक्त कारण सांगितलंय, हक्क माणसाचा आहे.

पण सव्वाशेहून अधिक वर्षं हा वाद राज्यांच्या दृष्टीने बिनकामाचा होता. 1873 मध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली. त्यातून निघालेल्या खटल्यात 1876 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुसरी दुरुस्ती फक्त केंद्राचे हात बांधते. राज्यांनी काय करावं ते राज्यांनी बघावं. म्हणून राज्यं आणि गावं हवे ते नियम करत राहिली. काउबॉयच्या सिनेमांमुळे आपला समज असतो की जुन्या पश्चिमेत जो तो कमरेला रिव्हॉल्वर लटकावून फिरत होता. पण ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावात हत्यार घेऊन हिंडायला बंदी होती. 1881 ची ओके कोरलची प्रसिद्ध चकमक पेटायला, ही बंदी मोडणाऱ्यांकडून हत्यारं काढून घ्यायला मार्शल निघाला हेही एक कारण होतं.

चित्र पालटलं ते 2008 मध्ये. राजधानी वॉशिंग्टनमध्ये 1976 पासून पिस्तूल घरात ठेवायलाही बंदी होती. डिक हेलर हा तिथला सुरक्षारक्षक. दिवसभर सरकारी इमारतीच्या रखवालीसाठी कमरेला पिस्तूल आणि घरी जाताना रिकाम्या हाताने. दुसऱ्यांचं रक्षण करायला मी चालतो, माझ्या घराचं का नाही, हा त्याचा सवाल होता. न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी त्याच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी लिहिलं की हा हक्क व्यक्तीचा आहे, लोकसेनेत असो वा नसो. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी विरोधी निकालपत्र लिहिलं. दोघांनी अठराव्या शतकातलेच कागद चाळले आणि दोन टोकांना पोहोचले. मात्र स्कॅलिया यांनी एक परिच्छेद असाही घातला की हक्क अमर्याद नाही. गुन्हेगारांना, मनोरुग्णांना बंदी, शाळा आणि सरकारी इमारतींत बंदी, असे नियम यातून धोक्यात येत नाहीत. बंदूकवाले निकालाचा पहिला भाग सांगतात, नियंत्रणवाले हा परिच्छेद.

वॉशिंग्टन हे राज्य नाही. राज्यांपर्यंत हा हक्क पोहोचवला 2010 च्या शिकागो खटल्याने. फिर्यादी होते ओटिस मॅकडोनाल्ड, सत्तरी ओलांडलेले कृष्णवर्णीय गृहस्थ. घर वारंवार फोडलं जात होतं आणि शहरात पिस्तुलावर बंदी. न्यायालयाने यादवी युद्धानंतरच्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा आधार घेतला. गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेतल्या राज्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या बंदुका काढून घेतल्या, आणि हे थांबवणं हाही त्या दुरुस्तीमागचा एक हेतू होता, असं निकालात म्हटलं आहे.

साहेबांना वाटलं तर

या वादातला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग इथून सुरू होतो.

न्यूयॉर्कमध्ये 1911 पासून सुलिव्हन कायदा होता. पिस्तूल जवळ घेऊन हिंडायचं तर परवाना, आणि पुढे परवान्यासाठी 'योग्य कारण' दाखवा, अशी अट आली. कारण योग्य आहे की नाही हे ठरवणार अधिकारी. 'मला भीती वाटते' हे पुरेसं कारण नसे. या पद्धतीत अर्जदार निकष पूर्ण करूनही हात जोडून उभा राहतो, आणि साहेबांना वाटलं तर परवाना मिळतो. बहुतेक राज्यांत दुसरी पद्धत होती, निकष पूर्ण केलेत तर परवाना द्यावाच लागेल.

साहेबांच्या मर्जीवर सोडलं की काय होतं याचं उदाहरण 1956 मधलं आहे. अलाबामातल्या माँटगोमेरीत एका तरुण पाद्रीच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्याने पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. त्याच्या जिवाला धोका आहे हे सगळ्या गावाला दिसत होतं. अर्ज नामंजूर झाला. अर्जदाराचं नाव मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर. पुढे किंग यांनी घरात बंदूक ठेवायचीच नाही असं ठरवलं, तो भाग वेगळा.

1967 मध्ये कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाची माणसं उघडपणे बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवत रस्त्यांवरून फिरू लागली. तेव्हा ते कायदेशीर होतं. मग भरलेली बंदूक घेऊन उघड हिंडायला बंदी करणारा कायदा आला आणि त्यावर सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. बंदूक कोणाच्या हातात आहे ते पाहून मतं बदलतात, ती अशी. आपल्याकडे 1878 च्या ब्रिटिश शस्त्र कायद्यात हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि गोऱ्याला सूट होती. अमेरिकेतले बंदूकवाले म्हणूनच गांधीजींनाही साक्षीला बोलावतात. ब्रिटिशांच्या काळ्या कृत्यांत अख्ख्या देशाला निःशस्त्र करणारा कायदा सगळ्यात काळा, असं गांधीजींनी पहिल्या महायुद्धात लिहिलं होतं, हे खरं. पण ते वाक्य ब्रिटिश सैन्यात भरती व्हा म्हणून काढलेल्या पत्रकातलं आहे, हे सांगायचं राहून जातं.

2022 मध्ये न्यूयॉर्कचा 'योग्य कारण' मागणारा हा कायदा सर्वोच्च न्यायालयात 6 विरुद्ध 3 मतांनी पडला. त्याच्याबरोबर कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड, हवाई यांचे तशाच धाटणीचे कायदेही अडचणीत आले. या खटल्यात 'कायदा रद्द करा' म्हणणाऱ्यांत गरिबांचे खटले लढवणारे न्यूयॉर्कचे कृष्णवर्णीय वकीलही होते. त्यांचं म्हणणं, पैसेवाल्यांना आणि ओळखीपाळखीच्यांना परवाना मिळतो, आमच्या अशिलांना त्याच पिस्तुलासाठी तुरुंग मिळतो. बंदूक नियंत्रण म्हणजे पुरोगामी आणि बंदूक हक्क म्हणजे प्रतिगामी असं गणित मांडणाऱ्यांची इथे पंचाईत होते. मला व्यक्तिशः कमी बंदुका असलेला समाज बरा वाटतो, पण कोणा एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर हक्क टांगून ठेवणंही पटत नाही.

इतिहासाची परीक्षा

त्या निकालाने आणखी एक गोष्ट केली, आणि ती जास्त दूरगामी आहे. न्यायमूर्ती थॉमस यांनी लिहिलं की यापुढे नियम उपयोगी आहे का, त्याने जीव वाचतात का, हे न्यायालयाने तोलायचं नाही. देशाच्या इतिहासात अशा नियमांची परंपरा होती का, एवढंच पाहायचं. म्हणजे राज्याच्या वकिलाने अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला तसाच एखादा कायदा शोधून आणायचा. देशभर न्यायाधीश इतिहासकार झाले. इंग्लंडमधल्या 1328 च्या कायद्यापासून जुन्या गावठरावांपर्यंत सगळं बाहेर निघालं.

ही परीक्षा किती अवघड वळणं घेते हे दोन वर्षांतच दिसलं. टेक्सासातल्या रहीमी नावाच्या माणसावर, मैत्रिणीला मारहाण केल्यामुळे कोर्टाचा मनाई हुकूम होता. असा हुकूम असताना बंदूक बाळगणं केंद्राच्या कायद्याने गुन्हा. खालच्या न्यायालयाने इतिहास चाळला आणि म्हटलं, संस्थापकांच्या काळात असा कायदा नव्हता, म्हणून हा घटनाबाह्य. असणार कसा? तेव्हा बायकोला मारणं ही घरातली बाब समजली जात होती! 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 8 विरुद्ध 1 मतांनी हा निकाल फिरवला आणि सांगितलं की हुबेहूब जुळा कायदा शोधायची गरज नाही, तत्त्व जुळलं तरी पुरे. विरोधी मत एकच होतं, ती परीक्षा लिहिणाऱ्या थॉमस यांचं.

मनाई हुकूम म्हटला की कोलोरॅडोतल्या कॅसल रॉकचा खटला आठवतो. 1999 मध्ये एका बाईच्या विभक्त नवऱ्याने मनाई हुकूम धाब्यावर बसवून तिच्या तीन मुलींना उचलून नेलं. ती रात्रभर पोलिसांना फोन करत राहिली, ठाण्यात गेली. पोलिसांनी थांबायला सांगितलं. पहाटे तो पोलीस ठाण्यासमोर आला आणि गोळीबार करू लागला. पोलिसांच्या गोळ्यांनी तो मेला. गाडीत तिन्ही मुलींचे मृतदेह होते. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हुकूम अमलात आणवून घेण्याचा घटनात्मक हक्क त्या आईला नाही.

बंदूक हक्कवाला ही गोष्ट सांगतो आणि म्हणतो, पोलीस तुम्हाला वाचवायला बांधील नाहीत, आता सांगा माझ्याजवळ पिस्तूल का नको? नियंत्रणवाला तीच गोष्ट सांगतो आणि म्हणतो, त्या माणसाने ते पिस्तूल त्याच संध्याकाळी विकत घेतलं होतं. दोघंही खोटं बोलत नाहीत.

तिकडे हवाईच्या राज्य सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये वेगळाच सूर लावला. इतिहासच बघायचा तर आमच्या बेटांचा बघा. इथे राजा होता, तिसरा कामेहामेहा, आणि त्याने 1833 मध्येच प्राणघातक हत्यारं बाळगायला बंदी केली होती. रोजच्या व्यवहारात लोक हत्यारं घेऊन फिरणं हे 'अलोहा'च्या भावनेत बसत नाही, असंही निकालपत्रात लिहिलंय. कायद्याच्या दृष्टीने ते कितपत टिकेल ते सोडा, पण 'इतिहास म्हणजे कोणाचा इतिहास' हा प्रश्न इतक्या सरळ कोणी विचारला नव्हता.

दारावरची पाटी

वरून निकाल आला तरी राज्यं गप्प बसत नाहीत. न्यूयॉर्कने आठवड्याभरात नवा कायदा केला. ठीक आहे, परवाना देतो, पण टाइम्स स्क्वेअर, सबवे, बागा अशा कितीतरी ठिकाणी पिस्तूल न्यायचं नाही. उलट दिशेला 29 राज्यांत आता पिस्तूल जवळ बाळगायला परवानाच लागत नाही. व्हरमाँटमध्ये तो कधीच लागत नव्हता. टेक्सासात 2021 पासून लागत नाही. तिथे बंदूक नको असेल तर ते सांगायची जबाबदारी दुकानदाराची, हॉस्पिटलची. दारावर पाटी लावायची, मजकूर कायद्यात दिलेला शब्दशः, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, अक्षरं किमान एक इंच उंच. परवानाधारकाने झाकून आणू नये यासाठी कलम 30.06 ची पाटी, उघड आणू नये यासाठी 30.07 ची, आणि विनापरवाना सवलत आल्यावर परवाना नसलेल्यांना अडवायला 30.05 ची तिसरी. काही दारांवर नुसता मजकूरच मजकूर. 30-06 हे एका प्रसिद्ध रायफलच्या काडतुसाचंही नाव आहे, हे तिथल्या लोकांना सांगावं लागत नाही.

राज्याच्या आतही अशीच ओढाताण आहे. बहुतेक राज्यांनी शहरांना स्वतंत्र बंदूक नियम करायला मनाई केली आहे. फ्लोरिडाने तर 2011 मध्ये असा नियम करणाऱ्या लोकप्रतिनिधीला स्वतःच्या खिशातून 5,000 डॉलरपर्यंत दंडाची तरतूद केली. त्याच फ्लोरिडात 2018 मध्ये पार्कलँडच्या शाळेत 17 जण मारले गेल्यावर रिपब्लिकन गव्हर्नरने रायफल खरेदीचं वय 21 केलं आणि धोकादायक वाटणाऱ्या माणसाची शस्त्रं कोर्टाच्या हुकमाने काही काळ काढून घेण्याचा कायदा आणला. इलिनॉयमध्ये उलटं. राज्याने 2023 मध्ये लष्करी धाटणीच्या रायफलींवर बंदी घातली आणि कित्येक काउंटींच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, शेरीफांनी सांगितलं, आम्ही अंमलबजावणी करणार नाही. शेरीफ म्हणजे तिथला काउंटीचा पोलीसप्रमुख, आणि तो निवडून येतो. त्याला मतदार दिसतात.

आकडे आणि खोकी

या कायद्यांनी फरक पडतो का? 2021 मध्ये अमेरिकेत 48,830 माणसं बंदुकीने मेली. त्यात खून 20,958 आणि आत्महत्या 26,328. वादात तावातावाने बोललं जातं शाळांवरच्या हल्ल्यांबद्दल, पण सगळ्यात जास्त माणसं स्वतःच्याच हाताने, बहुधा घरातल्याच बंदुकीने मरतात. वायोमिंग, मोंटाना अशा विरळ वस्तीच्या, घरोघरी बंदूक असलेल्या राज्यांत आत्महत्यांचं प्रमाण फार मोठं आहे. रँड ही संस्था या विषयावरचे अभ्यास चाळून कोणता पुरावा किती भक्कम ते सांगते. मुलांच्या हाती लागणार नाही अशी बंदूक कुलपात ठेवायला लावणाऱ्या कायद्यांनी लहान-तरुणांचे मृत्यू घटतात, याला पुरावा भक्कम आहे. हा उपाय कोणाचाही हक्क हिरावत नाही, आणि तरी चर्चेत त्याला कोपऱ्यातली जागा मिळते, याचं मला नवल वाटतं.

खुनांच्या बाबतीत गाडी राज्याच्या सीमेवर येऊन अडते. 'शिकागोत कडक कायदे आहेत तरी रोज गोळीबार होतो' हा बंदूकवाल्यांचा आवडता दाखला. शिकागो शहराच्या 2017 च्या अहवालानुसार, गुन्ह्यांत सापडलेल्या बंदुकांपैकी साधारण 60 टक्के इतर राज्यांतून आलेल्या होत्या, त्यात पहिला नंबर शेजारच्या इंडियानाचा. इंडियानाची हद्द शिकागोच्या दक्षिण टोकाला लागूनच आहे.

सापडलेली बंदूक कुठून आली हे शोधायची पद्धत तर पाहण्यासारखी आहे. 1986 च्या कायद्याने मध्यवर्ती नोंदवही करायला मनाई केली, कारण यादी झाली की उद्या जप्तीही होईल ही भीती. म्हणून वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या सरकारी शोधकेंद्रातला माणूस आधी कारखान्याला फोन करतो, कारखाना घाऊक व्यापाऱ्याचं नाव सांगतो, तो दुकानदाराचं, आणि दुकानदार 4473 ची फाईल काढतो. दुकान बंद पडलं असेल तर त्याचे कागद खोक्यांत भरून मार्टिन्सबर्गला आलेले असतात. ते स्कॅन करतात, पण नाव टाकून शोधता येणार नाही अशा पद्धतीने. पुस्तक चाळावं तसं पान पान बघायचं. ज्या देशाने गूगल दिलं, तिथे खुनाच्या तपासात हे चालतं.

मग सगळीकडे एकच नियम का नको? तसं विधेयक आलं होतं. ड्रायव्हिंग लायसन्स जसं पन्नास राज्यांत चालतं तसा पिस्तुलाचा परवाना चालावा, असं म्हणणारं विधेयक 2017 च्या डिसेंबरमध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं आणि सेनेटमध्ये अडकलं. एरवी 'राज्यांच्या कारभारात केंद्राने नाक खुपसू नये' म्हणणारे रिपब्लिकन त्याच्या बाजूने होते, आणि एरवी देशभर एकसारखा कायदा मागणारे डेमोक्रॅट राज्यांच्या स्वायत्ततेची ढाल पुढे करत होते.

2022 नंतर न्यू जर्सीलाही 'गरज सिद्ध करा' ही अट सोडावी लागली. बाहेरच्या राज्यातला माणूसही आता तिथल्या परवान्यासाठी अर्ज करू शकतो. पण पेनसिल्व्हेनियाचा परवाना आजही पुलापलीकडे चालत नाही. प्रवाशांसाठी 1986 च्या केंद्रीय कायद्यात एक सोय आहे. गोळ्या काढून ठेवायच्या, पिस्तूल डिकीत बंद करायचं आणि मधल्या राज्यातून सरळ निघून जायचं. अट एवढीच की निघालात तिथे आणि पोहोचणार तिथे ते कायदेशीर हवं. म्हणजे फिलाडेल्फियाहून न्यू जर्सी ओलांडून व्हरमाँटला जायचं असेल तर डिकीत कुलूप लावून नेता येतं. अटलांटिक सिटीलाच जायचं असेल तर आधी न्यू जर्सीचा परवाना काढायचा, नाहीतर पिस्तूल घरी ठेवायचं.